नात्याचा रकाना

लग्न न करता एकत्र राहणे हा भारतात गुन्हा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली लता सिंह खटल्यात हे ओघाओघात सांगितले आणि २०१० साली अभिनेत्री खुशबू हिच्या खटल्यात सविस्तर सांगितले. खुशबूने एका साप्ताहिकाकडे लग्नापूर्वीच्या संबंधांविषयी मत मांडले होते. त्यावरून तिच्याविरुद्ध तेवीस फिर्यादी दाखल झाल्या. न्यायालयाने त्या सगळ्या रद्द केल्या. २०१८ साली केरळातल्या एका प्रकरणात तर मुलगा एकवीस वर्षांचा नसला, तरी दोघे सज्ञान आहेत, तेव्हा त्यांना एकत्र राहण्याचा हक्क आहे, असाही निर्वाळा मिळाला. एवढ्यावर विषय संपायला हरकत नव्हती. तो संपत नाही, कारण सर्वोच्च न्यायालयात कुणाला राहता येत नाही. राहायला घर लागते, आणि घर सोसायटीत असते.

न्यायालय आणि सोसायटी यांच्यामधली सगळी जागा कागदांनी व्यापलेली आहे. भाड्याचा करार, सोसायटीचा अर्ज, बँकेचे कर्ज, नॉमिनेशन, बक्षीसपत्र, रेशनकार्ड. आणि यांतल्या बहुतेकांवर कुठे ना कुठे ‘अर्जदाराशी नाते’ असा एक रकाना. त्यात पती, पत्नी, मुलगा, मुलगी, आई, वडील अशी माणसे क्रमाने बसतात आणि शेवटी ‘इतर’ येतात. सहजीवनात राहणाऱ्या जोडप्याला कायद्याचा विरोध नसतो. त्याच्यासाठी रकाना नसतो, एवढेच. निवासाच्या हक्काच्या बहुतेक अडचणी इथूनच निघतात.

पहिली अडचण घर मिळण्याची. एजंटाचा पहिला प्रश्न बजेटचा नसतो. तो ‘फॅमिली की बॅचलर?’ असा असतो. मुंबई-पुण्याच्या भाडेबाजारात मनुष्यजातीचे एवढे दोनच वर्ग आहेत. ज्यांच्या घरात लग्नाचा अल्बम असतो ते फॅमिली. उरलेले सगळे बॅचलर, मग त्यांत बासष्ट वर्षांचे विधुर प्राध्यापकही आले. लिव्ह-इन जोडपे दोन्हींत मावत नाही. दोन बॅचलर म्हणावेत तर त्यांतली एक बाई असते. फॅमिली म्हणावी तर दाखवायला मंगळसूत्र नसते. मुरलेला एजंट यावर स्वतःच तोडगा काढतो, ‘एंगेज्ड आहोत म्हणा.’ महाराष्ट्रातले किती साखरपुडे एजंटांनी जमवले आहेत, याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही.

१९७० सालच्या ‘मुंबईचा जावई’ या चित्रपटातल्या जोडप्याचे लग्न झालेले असते, पण चाळीतल्या दाटीत त्यांना एकांत मिळत नाही. तिथे परवाना होता, खोली नव्हती. आज हिंजवडीच्या टू-बीएचकेमध्ये खोल्या आहेत, चौकशी परवान्याची चालते.

घरमालकाने या कारणावरून नकार दिला, तर त्याच्याविरुद्ध करण्यासारखे फारसे काही नाही. राज्यघटनेतले भेदभावाविरुद्धचे कलम प्रामुख्याने शासनाला बांधते. कोथरूडच्या खाजगी फ्लॅटमालकाला ते गाठत नाही. गृहनिर्माणात खाजगी भेदभाव करणाऱ्याला दंड करील असा सर्वसाधारण कायदा देशात नाही. उलट २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात, सहकारी सोसायटीला सदस्यत्व आपल्या समाजापुरते ठेवता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला. तिथे प्रश्न धर्माचा होता, पण ‘आमच्या बिल्डिंगमध्ये चालत नाही’ या वाक्याला त्यामुळे जो कणा मिळाला, तो अजून ताठ आहे.

मालक ‘हो’ म्हणाला की मात्र कायदा एकदम हजर होतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. ही जबाबदारी मालकाची. करार नोंदवला नसेल, तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. जोडप्याच्या चारित्र्याबाबत दक्ष असणारे कित्येक मालक या कलमाबाबत कमालीचे उदार असतात. ‘कशाला नोंदणी? नोटरी करून टाकू,’ असे ते मोठ्या मनाने म्हणतात.

करार अकरा महिन्यांचाच का, याचेही एक शास्त्र आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणे सक्तीचे होते, म्हणून लोक बाराव्या महिन्याच्या अलीकडे थांबत. महाराष्ट्रात २००० पासून एका महिन्याचा करारही नोंदवावाच लागतो. त्यामुळे अकरा या आकड्याचे काम संपले आहे; आकडा मात्र मोडलेल्या सायकलीच्या घंटीसारखा अजून वाजतो.

या करारातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे परवानाधारक म्हणून लिहिलेली नावे. दोघांची नावे असतील, तर दोघांचा घरावर सारखा हक्क. एकाचेच असेल, तर दुसरा माणूस कागदोपत्री पाहुणा. पाहुण्याने दोन वर्षे अर्धे भाडे भरले, पडदे आपल्या पैशांनी लावले, गीझर दोनदा दुरुस्त करून घेतला, तरी तो पाहुणाच. भांडण झाल्यावर ‘माझ्या घरातून निघ’ हे वाक्य ज्याचे नाव करारात आहे, तोच म्हणतो. एकूण भाड्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क आणि महापालिका हद्दीत हजार रुपये नोंदणी फी, एवढ्यात दोन अविवाहितांची नावे शेजारी शेजारी छापून, अंगठे घेऊन, फोटोसकट शासन कागद देते. इतक्या स्वस्तात असे दुसरे काही शासन करून देत नाही. भाडेही दोघांच्या खात्यांतून ऑनलाइन गेलेले बरे.

मुदत संपल्यावर मात्र घर सोडावे लागते. नाही सोडले, तर त्याच भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ प्रमाणे भाड्याच्या दुप्पट नुकसानभरपाई लागू होते. हा नियम विवाहित-अविवाहित असा भेद करत नाही. सरकारी नियमांत समतेची अशी उदाहरणे विरळ असल्यामुळे नोंदवून ठेवलेले बरे.

यानंतर सोसायटी. आदर्श उपविधींप्रमाणे सदनिका भाड्याने देण्यासाठी सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. सदस्याने आधी कळवायचे आणि कराराची प्रत व पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची, इतकेच. पोलिसांना हवी असते ती ओळख, पत्ता आणि फोटो. सेक्रेटरींना हवा असतो ‘स्वभाव’. तरीही ‘एनओसी’ नावाचा कागद सर्वत्र मागितला जातो आणि सर्वत्र दिला जातो. उपविधींत ज्याचा आधार सापडत नाही, असा हा महाराष्ट्रातला सर्वांत प्रतिष्ठित दस्तऐवज असावा. त्यासाठी कमिटीसमोर मुलाखत होते. विवाहितांना पार्किंगबद्दल विचारतात, अविवाहितांना आईवडिलांबद्दल.

सोसायटीच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी. तिला पैसे कळतात. मालक स्वतः न राहता दुसऱ्याला घर देतो, तेव्हा बिनभोगवटा शुल्क आकारता येते. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने त्यावर सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांची मर्यादा घातली आहे. मालकाच्या कुटुंबातले कुणी राहत असेल, तर हे शुल्क लागत नाही. उपविधींतल्या कुटुंबाच्या व्याख्येत पती, पत्नी, आईवडील, भावंडे, मुले, सून, जावई, नातवंडे येतात, मेहुणाही येतो. म्हणजे मालक दुबईला नोकरीला गेला आणि त्याच्या फ्लॅटमध्ये त्याचा मेहुणा राहिला, तर शुल्क माफ. जिच्यामुळे मेहुणा मेहुणा ठरतो, ती स्वतः राहिली आणि लग्न झालेले नसले, तर दहा टक्के.

आता कायद्याने दिलेले खरे संरक्षण. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. पत्नी, आई, बहीण, मुलगी यांच्याबरोबरच, ‘विवाहाच्या स्वरूपाच्या’ नात्यात एका घरात राहणाऱ्या किंवा राहिलेल्या स्त्रीलाही त्याने आत घेतले. लग्न झालेले नसले तरी चालेल, हे संसदेने इतक्या सौम्य शब्दांत लिहिले, की बऱ्याच लोकांना ते बऱ्याच वर्षांनी कळले.

‘विवाहाच्या स्वरूपाचे’ म्हणजे काय, हे संसदेने सांगितले नाही. ते काम न्यायालयावर आले. ऑक्टोबर २०१० मध्ये वेलुसामी खटल्यात न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू यांनी चार अटी घातल्या. दोघांनी समाजासमोर पतीपत्नीसारखे वावरलेले असावे. दोघांचे वय लग्नाचे असावे. दोघे अन्यथा लग्नाला पात्र असावेत, म्हणजे अविवाहितही. आणि बराच काळ स्वखुशीने एकत्र राहिलेले असावेत. नुसत्या शनिवार-रविवारच्या भेटी किंवा एका रात्रीची ओळख यांत बसत नाही, असेही स्पष्ट केले. निकालात अमेरिकन नट ली मार्व्हिन याच्या कॅलिफोर्नियातल्या खटल्याचाही उल्लेख आहे. त्याच्याबरोबर राहणाऱ्या बाईने त्याचे आडनावसुद्धा कायदेशीर रीतीने लावून घेतले होते; शेवटी पैसे काही मिळाले नाहीत.

या चार अटींतली पहिली अट महाराष्ट्रातल्या भाडेकरू जोडप्याच्या मुळावर येते. संरक्षण हवे असेल, तर समाजासमोर पतीपत्नीसारखे वावरले पाहिजे. समाज म्हणजे व्यवहारात कोण? शेजारच्या काकू, सेक्रेटरी, वॉचमन, कामवाल्या मावशी आणि दूधवाला. आणि नेमक्या याच मंडळींना घर मिळवताना ‘आम्ही मावसभाऊ-बहीण’ असे सांगितलेले असते. घर मिळवण्यासाठी जे नाते सांगायचे, ते घर टिकवण्याच्या वेळी नेमके उलटते. दंडाधिकाऱ्यांसमोर वॉचमन साक्षीला आला आणि ‘साहेब, ते दोघं भाऊ-बहीण हायेत, लई प्रेमानं राहायचे’ असे प्रामाणिकपणे म्हणाला, तर त्याला दोष देता येणार नाही.

उलट ज्या जोडप्याने घरमालकिणीला ‘आमचं लग्न झालंय’ अशी सरळ थाप मारलेली असते, ते कायद्याच्या दृष्टीने अधिक सुरक्षित असते. हळदीकुंकवाला बोलावले तर जोडप्यातली स्त्री जाते, वाण घेते, घरमालकीण तिला ‘अमक्याची बायको’ म्हणून ओळख करून देते. यातली प्रत्येक गोष्ट पुढे पुरावा ठरू शकते. खरे बोलणाऱ्याची अवस्था या दोघांच्या मध्ये. ‘आम्ही लिव्ह-इनमध्ये आहोत’ असे पहिल्याच दिवशी सांगणाऱ्यांना सहसा घरच मिळत नाही, त्यामुळे त्यांचा पुरावा तपासण्याची वेळ फारशी येत नाही.

२०१३ साली इंद्रा सर्मा खटल्यात न्यायालयाने ही कसोटी आणखी तपशिलात नेली. किती काळ एकत्र राहिले, घर एकच होते का, पैसे एकत्र केले होते का, घरकाम कसे वाटून घेतले, मुले आहेत का, लोकांत कसे मिसळत, दोघांचा हेतू काय होता, अशा मुद्द्यांवर नाते तपासायचे. म्हणजे किराण्याच्या बिलापासून विम्याच्या पॉलिसीपर्यंत सगळे कामाचे. घरकामाच्या वाटणीचा मुद्दा वाचल्यावर एक शंका मात्र राहते. जिथे सगळे घरकाम एकटीच करते, तिथे ते नाते विवाहाच्या स्वरूपाचे आहे हे लगेच सिद्ध झाल्यासारखे व्हायला हवे.

याच खटल्यात कायद्याची मर्यादाही दिसली. ती स्त्री सुमारे अठरा वर्षे त्या पुरुषाबरोबर राहिली होती. पण तो विवाहित आहे, हे तिला सुरुवातीपासून माहीत होते. त्यामुळे हे नाते विवाहाच्या स्वरूपाचे नाही, असे न्यायालयाने ठरवले आणि अशा स्त्रियांसाठी काही करावे, असे संसदेला सुचवले. संसद त्यावर विचार करते आहे, असे समजायला जागा आहे; इतकेच म्हणता येते.

नाते कसोटीला उतरले की हक्क मात्र ठोस आहेत. २००५ च्या या कायद्याच्या कलम १७ प्रमाणे स्त्रीला सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे, मग त्या घरात तिची मालकी असो वा नसो. कायद्याच्या प्रक्रियेखेरीज तिला बाहेर काढता येत नाही. कुलूप बदलणे, बॅगा जिन्यात ठेवणे, लाइटचे मीटर बंद करणे या पद्धती लोकप्रिय असल्या तरी कायद्याच्या प्रक्रियेत मोडत नाहीत. कलम १९ खाली दंडाधिकारी तिला बाहेर न काढण्याचा, पुरुषानेच घर सोडण्याचा किंवा तिला तशाच दर्जाचे दुसरे घर देण्याचा, नाहीतर त्याचे भाडे भरण्याचा आदेश देऊ शकतात. अर्जाची पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी आणि अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. कोर्टाची पायरी चढलेला वाचक या वाक्यातल्या ‘प्रयत्न’ या शब्दावर थांबेल. संरक्षण आदेश मोडल्यास वर्षभरापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अर्ज करायला प्रत्येक जिल्ह्यात संरक्षण अधिकारी आहेत; वकील हवाच असे नाही.

सामायिक घर कोणाचे असावे, यावर बरीच वर्षे घोळ होता. २००६ च्या एका निकालाप्रमाणे सासूच्या मालकीच्या घरात सुनेला हा हक्क नव्हता. १५ ऑक्टोबर २०२० रोजी सतीशचंद्र आहुजा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल मोडीत काढला. नातेवाइकांच्या मालकीचे घरही, दोघे तिथे खरोखर नांदत असतील, तर सामायिक ठरू शकते.

दोन गोष्टी मात्र हा कायदा देत नाही. एक, मालकी. राहण्याचा हक्क म्हणजे घर नावावर होणे नव्हे. दुसरी, पुरुषाला संरक्षण. करार तिच्या नावावर असेल आणि तिने त्याला बाहेर काढले, तर त्याच्या हातात आपली बॅग आणि दिवाणी न्यायालयाचा पत्ता एवढेच उरते. भाडेकरारात दोघांची नावे घालण्याचा सल्ला स्त्रियांइतकाच त्यालाही लागू आहे. पुरुष सहसा हा सल्ला मानत नाही, कारण बाहेर आपल्याला काढले जाईल असे त्याला कधी वाटत नाही.

घर भाड्याचे न घेता विकत घ्यायचे ठरवले, तर रकाना अधिक महाग पडतो. दोघांच्या नावाने घर घ्यायला कायद्याची हरकत नाही. बँक मात्र सहकर्जदार म्हणून नवरा-बायको किंवा रक्ताची नाती पसंत करते. बाकीच्यांचा निर्णय तिच्या मर्जीचा. विक्रीकरारात कुणाचा किती हिस्सा, हे लिहून घेणे आणि हप्ते आपापल्या खात्यातून भरणे, हा यावरचा साधा उपाय.

साध्या माणसाला वाटते की एवढी कटकट कशाला, तिच्याच नावावर घर घेऊन टाकू. इथे १९८८ चा बेनामी व्यवहार कायदा डोके वर काढतो. स्वतःच्या ज्ञात उत्पन्नातून पत्नीच्या किंवा मुलांच्या नावे घेतलेले घर बेनामी ठरत नाही, असा त्यात स्पष्ट अपवाद आहे. विवाहबाह्य जोडीदाराचा उल्लेख त्या अपवादात नाही. पैसे त्याचे, नाव तिचे आणि उपभोग त्याच्या फायद्यासाठी, असे चित्र दिसले, तर २०१६ च्या दुरुस्तीनंतर मालमत्ता जप्त होऊ शकते आणि एक ते सात वर्षांची सक्तमजुरी, शिवाय बाजारभावाच्या पाव हिश्श्यापर्यंत दंड. प्रेमाखातर केलेल्या गोष्टींना तुरुंग असतो, हे जुन्या नाटकांत ऐकलेले असते. त्याचे कलम इथे सापडते.

बक्षीसपत्राने द्यावे म्हटले, तर महाराष्ट्रात पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडे यांना राहते घर बक्षीस देताना मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये. वर स्थानिक अधिभार असेल तो. जोडीदाराला द्यायचे तर परक्या माणसाला विकल्याचाच दर. एक कोटीच्या घरावर तो पाच लाखांच्या पुढे जातो. हे भरून झाल्यावर आयकर खाते येते. नातेवाईक नसलेल्याकडून ५० हजारांहून अधिक किमतीची मालमत्ता फुकट मिळाली, तर ते घेणाऱ्याचे उत्पन्न. आयकराच्या नातेवाइकांच्या यादीत मामा आणि मावशी आहेत, जोडीदार नाही. पण त्याच कायद्यात लग्नानिमित्त मिळालेली भेट, कुणाकडूनही असो, करमुक्त आहे. थोडक्यात, तोच फ्लॅट त्याच माणसाने त्याच बाईला लग्नाच्या दिवशी दिला, तर कर शून्य. लग्नसंस्थेच्या बाजूने आजवर बरेच युक्तिवाद झाले आहेत. इतका नेमका दुसरा नाही.

मृत्यूनंतर रकाना सर्वांत कठोर होतो. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ मधल्या पुरुषाच्या वारसांच्या यादीत भावाची विधवा आहे, आईचे आईवडील आहेत, मामा-मावशीही आहेत. वीस वर्षे डबा भरून देणारी जोडीदार नाही. सोसायटीत तिचे नॉमिनेशन करता येते, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे वारसा किंवा मृत्युपत्र सिद्ध होईपर्यंत नॉमिनी हा तात्पुरता सदस्य असतो. नॉमिनेशन केले म्हणून निर्धास्त झालेली माणसे सोसायटीच्या प्रत्येक मजल्यावर आढळतात.

यावरचे औषध मृत्युपत्र. साध्या कागदावर चालते, मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक असते आणि दोन साक्षीदार पुरतात. जोडीदार स्वतः साक्षीदार नसावा आणि साक्षीदार शक्यतो आपल्याहून तरुण असावेत. बहुतेक लोक समवयस्क मित्रांना साक्षीदार करतात आणि सगळे मिळून वर भेटतात.

मृत्युपत्र नसेल, तर शेवटचा आधार गृहीतकाचा. दीर्घकाळ पतीपत्नीसारखे राहिलेल्यांचे लग्न झालेले होते, असे न्यायालय धरून चालते. उलट सिद्ध करण्याचा भार आक्षेप घेणाऱ्यावर. १९७८ सालच्या बद्री प्रसाद खटल्यात हे गृहीतक लागू झाले, तेव्हा जोडपे सुमारे पन्नास वर्षे एकत्र राहिलेले होते. ज्यांना एवढी सवड आहे, त्यांना हा मार्ग खुला आहे. मुलांची स्थिती बरी आहे. २०२२ साली केरळातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, दीर्घ सहजीवनातून विवाहाचे गृहीतक उभे राहते आणि मुलाला मालमत्तेत वाटा मिळतो, असे ठरवले.

हा सगळा विचार करून काही लोक आपसांतच लेखी करार करतात. २०२४ साली मुंबईतल्या सत्र न्यायालयात एका पुरुषाने अटकपूर्व जामिनासाठी सात कलमांचा लिव्ह-इन करारनामा पुढे ठेवला. सही आपली नाही, असे त्यातल्या स्त्रीचे म्हणणे होते. त्याला जामीन मिळाला. पण अभ्यासकाने बघावी ती मुदत: १ ऑगस्ट २०२४ ते ३० जून २०२५, म्हणजे बरोबर अकरा महिने, आणि वेगळे व्हायचे तर महिन्याची नोटीस. मसुदा कोणत्या टेबलावर तयार झाला असेल, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. अशा करारात भाड्याचा, अनामत रकमेचा, सामानाचा वाटा लिहिला तर तो उपयोगी पडू शकतो; संरक्षणाचे कायदेशीर हक्क मात्र त्यातल्या एखाद्या कलमाने पुसले जात नाहीत.

ज्येष्ठांचा प्रकार निराळा. पुण्या-नागपुरात गेली काही वर्षे एकट्या ज्येष्ठांसाठी सहजीवनाचे मेळावे भरतात. इथे आक्षेप आईवडिलांचा नसतो, मुलांचा असतो, आणि तो नीतीचा नसून क्षेत्रफळाचा असतो. ‘बाबांना सोबत मिळाली, बरं झालं,’ असे म्हणणारी मुले शेअर सर्टिफिकेट मात्र आपल्याकडे नेऊन ठेवतात. यावर मृत्युपत्रात एक जुनी, सोपी सोय आहे: घराची मालकी मुलांना, पण जोडीदाराला हयातीपर्यंत त्यात राहण्याचा हक्क. मुलांना घर मिळते, तिला छप्पर मिळते; उशीर कुणाला किती, हे कुणाच्याच हातात नसते.

समलिंगी जोडप्यांना विवाहाचा हक्क देणे संसदेचे काम आहे, असे १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. त्यानंतर २०२४ साली केंद्राने दोन गोष्टी स्पष्ट केल्या: अशा जोडीदारांना संयुक्त बँक खाते उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही, आणि रेशनकार्डासाठी त्यांना एकाच घरातले धरावे. नात्याच्या रकान्यात पहिला शिरकाव अशा रीतीने रेशनच्या दुकानातून झाला.

आता इतर राज्ये. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी संहितेप्रमाणे, वेगळा करार केला नसेल, तर विवाहितांची मालमत्ता दोघांची समान असते. एकत्र राहणाऱ्या अविवाहितांना त्यातले काहीच मिळत नाही.

रकाना खरोखर छापून घेतला तो उत्तराखंडाने. २७ जानेवारी २०२५ पासून तिथे समान नागरी संहिता लागू झाली आणि लिव्ह-इनची नोंदणी सक्तीची झाली. एक महिन्यात नोंद केली नाही, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड. अठरा ते एकवीस वयाच्या जोडप्यांच्या पालकांना कळवले जाते. घरमालकाने भाडेकरूंकडे नोंदणीचा कागद मागावा, अशी तरतूदही नियमांत आली. सोडून दिलेल्या स्त्रीला पोटगी मागता येते आणि मुले औरस ठरतात, ही जमेची बाजू. ही संहिता उत्तराखंडच्या रहिवाशांना राज्याबाहेरही लागू आहे. म्हणजे वाकडमध्ये सोळाव्या मजल्यावर राहणाऱ्या डेहराडूनच्या मुलाने सेक्रेटरी, पोलीस आणि मालक यांच्यानंतर आपल्या राज्याच्या निबंधकालाही कळवण्याची सोय आहे.

महाराष्ट्रात अशी नोंदणी नाही. इथे दोघांची नावे शासनाच्या दफ्तरात एकत्र येण्याचे हुकमी ठिकाण म्हणजे दुय्यम निबंधकाकडचा भाडेकरार. तो करताना मालकाने ‘एकाचंच नाव पुरे’ म्हटले, तर ऐकू नये.